आपल्या मताची उलटतपासणी

इंदूरच्या छत्रीबागेत, होळकरांच्या छत्र्यांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला अहिल्यादेवींच्या कारभाराविषयी शंका येत नाही. ती श्रद्धा घरातूनच मिळते. शंका घेतली ती जॉन माल्कमने. 1817 साली महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढलेला हा ब्रिटिश सेनानी. पुढे माळव्याचा इतिहास लिहिताना होळकरांच्या माणसांनी सांगितलेलं त्याने जसंच्या तसं घेतलं नाही, इतरांकडेही चौकशी केली. जितकं विचारावं तितका आदर वाढतो, असं 1823 साली त्यानेच छापलं. आमच्या कौतुकापेक्षा मला त्याची साक्ष मोलाची वाटते, कारण ती शंकेतून पार होऊन आली आहे.

माझ्या आर्थिक मतांना असा माल्कम भेटला तो आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या रूपाने. ते इंदूरच्या हुकुमचंद मिल या कापड गिरणीचे कामगार, युनियनमधले. तोट्यातला धंदा रेटत बसू नये, तो पैसा नव्या उद्योगात जावा, असं मी तेव्हा म्हणायचो आणि आजही म्हणतो. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक पगारचिठ्ठी काढली. घडीवर फाटायला आलेली, शाई पुसट. ती माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मिल बंद, कबूल. आमचे पैसे कुठल्या खात्यात मांडलेस, ते सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कंपनी बुडाली तर कामगारांचं देणं तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने मानायचं, हे 1985 पासून कायद्यात होतं. तरीही सुमारे 4,800 कामगारांचे 224 कोटी रुपये मार्गी लागायला डिसेंबर 2023 उजाडला. तोवर कित्येक जण गेले होते. भांडवल मोकळं व्हावं असं म्हणताना या बत्तीस वर्षांचा हिशेब मी कधी धरलाच नव्हता. माझं मत कायम आहे, पण आता त्याला अट आहे: आधी कामगाराचं देणं, मग मिलच्या जमिनीचा सौदा.

मीही काकांना विचारलं होतं, जुन्या मागांवरचं महाग कापड पॉवरलूमपुढे टिकलं असतं का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "यंत्रं बदला, हे आम्हीही जोर लावून मागायला हवं होतं." युनियनच्या माणसाला हे म्हणणं सोपं नसतं. त्या दिवसापासून आमचं बोलणं जास्त खरं झालं.

इंदूरला हा वाद नवा नाही. 1962 च्या लोकसभेला कम्युनिस्ट होमी दाजी अपक्ष म्हणून उभे राहिले आणि त्यांनी काँग्रेसच्या रामसिंहभाई वर्मांना हरवलं. दोघेही गिरणी कामगारांचे पुढारी. एकाच मजुराच्या भल्याचे दोन मार्ग मतदारापुढे होते आणि त्याला निवडायचं होतं.

2024 च्या लोकसभेला मात्र इथे काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला. असं व्हायला नको होतं, हे भाजपच्याच सुमित्राताई महाजन उघडपणे बोलल्या. आठ निवडणुका जिंकलेल्या ताईंना लढतीची किंमत ठाऊक आहे. त्या वेळी इंदूरच्या 2,18,674 मतदारांनी ‘नोटा’चं, म्हणजे यांपैकी कुणीही नको, हे बटण दाबलं. कोणत्याही पक्षाच्या माणसाने हा आकडा विरोधकांचा म्हणून झटकू नये. आपल्याशी कुणीतरी वाद घालावा, एवढीच त्या लोकांची मागणी होती आणि ती रास्त होती.