तळघरातील साठ दिवस

आपल्यापैकी अनेकांना लहानपणची एक लाकडी पाटी आठवत असेल. तिच्यावर ओळीने खिळे ठोकलेले असत, उजव्या कडेला स्प्रिंगचा दट्ट्या असे, आणि तो ओढून सोडला की गोटी वर उडून खिळ्यांना आपटत आपटत कोणत्या तरी खळग्यात विसावत असे. खळग्यापुढे लिहिलेला आकडा म्हणजे आपले गुण. अमेरिकेतील ‘पिनबॉल’चे यंत्र हे याच पाटीचे वाढलेले भावंड होय. स्प्रिंगच्या दट्ट्याचे पेटंट १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी घेतले. १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी ‘बॅफल बॉल’ नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र बाजारात आणले. मंदीने गांजलेल्या त्या काळात अल्प पैशांत घटकाभर विरंगुळा देणारी ही वस्तू झपाट्याने पसरली. गॉटलिब, बॅली आणि विल्यम्स या तिन्ही नामांकित कंपन्या शिकागोच्याच.

या यंत्राशी माझा संबंध यावा असे माझ्या आयुष्यात काहीच नव्हते. वाणिज्य शाखेची पदवी, बँकेतील छत्तीस वर्षांची नोकरी, सांगलीतले घर आणि निवृत्ती, एवढाच माझा परीघ. तीन वर्षांपूर्वी आम्ही उभयता चिरंजीवांकडे शिकागोजवळच्या एका उपनगरात सहा महिन्यांसाठी गेलो. त्यांच्या तळघरात एका कोपऱ्यात चादरीखाली हे धूड उभे होते. कोणाच्या तरी गॅरेजमधील जुन्या सामानाच्या विक्रीत चारशे डॉलरना घेतलेले, १९६० च्या दशकाच्या मध्यातले आणि संपूर्ण बंद. वजन शंभर किलोंहून अधिक. त्या काळच्या यंत्रांत संगणकाचा अंशही नसे. रिले, कॉइल, एक लहान मोटर, शेकडो संपर्कपत्त्या आणि कापडी वेष्टनाच्या तारांच्या जाड जुड्या, एवढ्यांच्या बळावर ते गुण मोजी, घंटा वाजवी आणि दिवे लावी.

हा मुळात जुगाराचा प्रकार असल्याचे चिरंजीवांनी सांगितले, तेव्हा मी थोडा अस्वस्थ झालो. ज्या घरात पत्त्यांचा जोडही येऊ दिला गेला नाही आणि सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले घेतले जाते, त्या घरातला मी. म्हणून या यंत्राचा इतिहास मी मुद्दाम वाचून काढला. तो वाचनीय निघाला. सुरुवातीच्या यंत्रांत खेळणाऱ्याच्या हाती दट्ट्यापलीकडे काहीच नव्हते. चेंडू एकदा सुटला की पुढचे सारे नशिबाचे, आणि त्यावर पैसे लागत. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली ही यंत्रे जप्त करविली आणि हातोड्याने फोडतानाची स्वतःची छायाचित्रे काढवून घेतली. ज्या शिकागोत ती तयार होत, तेथेही ती खेळण्यास दीर्घकाळ बंदी होती.

मात्र १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्स यांनी फ्लिपर बसविले. फ्लिपर म्हणजे बटण दाबताच उसळी घेऊन चेंडूला परत वर धाडणारी लहानशी फळी. आता खाली घरंगळणाऱ्या चेंडूला परतवणे खेळणाऱ्याच्या हातात आले. तरीही कायद्याची समजूत पटण्यास जवळपास तीस वर्षे लागली. १९७६ साली रॉजर शार्प या तरुण लेखकाने न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या समितीपुढे यंत्र खेळून दाखविले. दट्ट्या किती ओढला असता चेंडू वरच्या मधल्या वाटेने जाईल हे त्याने आधी सांगितले, आणि चेंडू तसाच गेला. खेळ नशिबाचा नसून कौशल्याचा आहे हे मान्य होऊन बंदी उठली. माझी शंकाही तेथेच फिटली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चिरंजीवांची नोकरी गेली. कंपनीने एका दिवसात कित्येकांना निरोप दिला, त्यांत त्यांचे नाव होते. ज्या परवान्यावर ते तेथे काम करीत, त्याचा नियम असा की, नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे. अन्यथा देश सोडण्याची वेळ येते. घरावर कर्ज, नात दुसरीत शिकणारी, सूनबाईंची नोकरी अर्धवेळ. घरात कोणी आवाज चढविला नाही, परंतु स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेकडे सर्वांची नजर वारंवार जाई.

चिरंजीव दिवसभर अर्ज करीत, मुलाखती देत. त्यांनी एके दिवशी यंत्र आहे त्या स्थितीत विकून टाकण्याचा विचार बोलून दाखविला. मी म्हणालो, “बंद यंत्राला भंगाराचा भाव मिळेल. आधी चालू करू, मग विकू.” आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवणारी माणसे, आणि तेथे नोव्हेंबरात घड्याळे तासभर मागे केली की सूर्य साडेचारच्या सुमारासच मावळतो. जेवण लवकर आटोपे आणि समोर भली मोठी रात्र उरे. त्या रात्री आम्ही तळघराला दिल्या.

बँकेच्या शिस्तीप्रमाणे मी एक वही घातली. डावीकडे बिघाड, उजवीकडे दुरुस्ती, तारीख आणि खर्च. पहिली नोंद फ्यूजची आहे. कोणा महाभागाने जळालेल्या फ्यूजवर चंदेरी कागद गुंडाळून काम भागविले होते. आग लागण्याचा हा हमखास मार्ग. आराखड्यात दिलेल्या क्षमतेचे नवे फ्यूज बसविले, आणि भूसंपर्क नसलेली जुनी दोनतारी वायर काढून तीनतारी घातली. पायरीपायरीने फिरणाऱ्या चकत्यांवरील जुने ग्रीस डिंकासारखे घट्ट झाले होते. ते स्पिरिटने पुसून काढण्यात चार रात्री गेल्या. संपर्कपत्त्यांवरची काजळी अगदी बारीक कानशीने हलकेच घासावी लागते. त्यांवर तेल मुळीच घालायचे नसते, कारण तेल धूळ धरते आणि ठिणगीने जळते. ताठरलेली रबरी कडी, विझलेले दिवे, कॉइलमधील झिजलेल्या नळ्या, सारे एकेक करून बदलले.

तरीही यंत्र चालेना. खेळ सुरू करताना गुण दाखविणारी सर्व अंकचक्रे शून्यावर यावी लागतात. तळाशी असलेली मोटर फिरून चक्रांना विजेचे ठोके देते. चक्र शून्यावर पोहोचले की त्याच्या मागची एक पत्ती उघडते, आणि अशा साऱ्या पत्त्या उघडल्या की मोटर थांबते. आमची मोटर थांबतच नव्हती. समोर सर्व शून्ये स्वच्छ दिसत होती, पण यंत्राला ती मान्य नव्हती.

मला वीजशास्त्र येत नाही. परंतु हा अनुभव ओळखीचा होता. संगणक येण्यापूर्वी बँकेत तेरीज न जुळणे ही नित्याची गोष्ट. रोजकीर्द बरोबर दिसते, खतावणी बरोबर दिसते, आणि तफावत मात्र समोर उभी असते. त्या वेळी सारी पाने पहिल्यापासून चाळत बसणारा कारकून मध्यरात्रीपर्यंत अडकून पडे. जाणता माणूस आधी तफावतीकडे पाही. तिला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर ५४ चे ४५ असे अंक उलटे पडले असण्याचा संभव. तिच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडलेली असण्याचा संभव. अशा रीतीने संशयाचे क्षेत्र लहान करीत जायचे.

आम्ही तेच केले. मूळ आराखडा जमिनीवर पसरला. चिरंजीव बोट ठेवून मार्ग वाचीत आणि मी निर्दोष ठरलेला भाग पेन्सिलीने खोडीत जाई. अखेरीस संशय चक्रांच्या शून्यपत्त्यांवर आला. मोटर चालू ठेवून आम्ही एकेका पत्तीच्या फटीत कागदाचा कपटा सरकवू लागलो. दहांच्या चक्रात कपटा जाताच मोटर थांबली. ती पत्ती किंचित वाकलेली होती. शून्यावर येऊनही ती उघडत नव्हती. चिमट्याने तिला सरळ करण्यास अर्धे मिनिट पुरले.

कित्येक रात्रींनंतर तळघरात शांतता झाली. त्या शांततेत चिरंजीव एकदम म्हणाले, “अण्णा, परत यावं लागलं तर?”

तो एकेचाळिसावा दिवस होता. मी म्हणालो, “घर आहे. तुझी खोली तशीच आहे.” त्यापुढे मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. आम्ही हत्यारे गोळा केली आणि वर गेलो.

सांगण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ होते. ठेवी मोडून कर्जाचे हप्ते भरता येतील, पुण्यात ओळखीने शब्द टाकता येईल, नातीला इकडच्या शाळेत घालता येईल. हे सारे मी पहिल्याच आठवड्यात एकदा सांगितलेले होते. पुन्हा सांगावे की नाही, याचा विचार मी त्या रात्री करीत पडलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही ‘टिल्ट’ बसविण्यास घेतला. ही युक्ती हॅरी विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात पुढे आणली. पेटीच्या आत गवंड्याच्या ओळंब्यासारखा एक लंबक टांगलेला असतो आणि त्याच्याभोवती, स्पर्श न होईल अशी, धातूची कडी. चेंडू वाकड्या वाटेने जाऊ लागला तर खेळणाऱ्याने पेटीला हलका धक्का द्यावा, अशी या खेळाची रीत आहे. त्याला लबाडी मानीत नाहीत. पण धक्का जास्त बसला तर लंबक कडीला टेकतो, ‘टिल्ट’चा दिवा लागतो, फ्लिपर निर्जीव होतात आणि चेंडू हातचा जातो. लंबक वर-खाली सरकवून ही सूट कमी-जास्त करता येते.

किती सूट ठेवावी, असे मी विचारले. चिरंजीव म्हणाले, “फार दिली तर खेळात राम नाही. आणि अजिबात नाही दिली, तर साधा हात टेकला तरी खेळ संपतो.” मग स्वतः दोन-चार वेळा पेटी हलवून त्यांनी लंबकाची जागा ठरविली आणि पेच आवळला.

माझ्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. चाळिशीला टेकलेल्या मुलाला बापाने एकदा धक्का द्यावा, वेळप्रसंगी दुसराही द्यावा. परंतु बटणे त्याच्या हाती आहेत, आणि अधिक हलविले तर त्याचेच हात थांबतात. उरलेल्या दिवसांत मी नोकरीचा विषय काढला नाही. रोज संध्याकाळी जेवणानंतर एवढेच विचारी, “आज काय घ्यायचे?” आणि ते सांगत, “आज घंटा,” किंवा “आज उजवा फ्लिपर.”

एकोणपन्नासाव्या दिवशी दुसऱ्या राज्यातील एका कंपनीने त्यांना घेतले आणि मुदतीत अर्ज दाखल केला. पगार पूर्वीपेक्षा कमी आणि घर बदलणे भाग. यंत्र तोवर चालू झाले होते. फळीला मेण लावून पॉलिश केले होते. आम्ही पाचही जण ते चार रात्री मनसोक्त खेळलो. सौभाग्यवतींचे गुण सर्वांत अधिक झाले, हे येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल. त्यानंतर एक वयोवृद्ध गृहस्थ आले, गुडघे टेकून त्यांनी पेटीच्या आत बराच वेळ पाहिले आणि ते यंत्र घेऊन गेले. खरेदी ४०० डॉलर, साहित्य २३८ डॉलर, विक्री १,१०० डॉलर. श्रमाचे मोल धरलेले नाही.

त्या गृहस्थांनी माझी वहीही मागितली. नोंदी मराठीत आहेत असे सांगितल्यावर ते हसले. चिरंजीवांनी दोन दिवस बसून सर्व नोंदींचे इंग्रजी भाषांतर त्यांना करून दिले आणि मूळ वही स्वतःकडे ठेवली.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले दूरदेशी आहेत. त्यांच्या अडचणी आपल्याला तुकड्या-तुकड्यांनी कळतात आणि इकडे बसून हात शिवशिवतात. मी कोणास उपदेश करीत नाही. माझ्यापुरता एक नियम केला आहे. चिरंजीवांशी रोज दूरध्वनीवर बोलणे होते. नोकरी कशी चालली आहे, हे मी फक्त रविवारी विचारतो.