जिंकण्याच्या आधीची गोष्ट

शिरड शहापूरच्या मुलांना गोष्ट ऐकायला शिकवावं लागत नाही. गावात भगवान मल्लिनाथांचं दिगंबर जैन क्षेत्र आहे, औंढ्याचा नागनाथ जवळ आहे आणि नामदेवांची नरसी याच जिल्ह्यातली. कथा-कीर्तन त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडतं. रविवारी आमच्या शब्बाथशाळेत बसणाऱ्या मुलांचे कानही इथेच तयार झालेले. त्यामुळे पवित्र शास्त्रातली गोष्ट सांगताना माझ्यापुढचा खरा प्रश्न वेगळा असतो: या गोष्टीतलं धैर्य नेमकं कुठे आहे आणि तिथे मुलांना किती वेळ थांबवायचं?

दावीद आणि गल्याथाची गोष्ट घ्या. धिप्पाड पलिष्टी, कोवळा मेंढपाळ, एक दगड आणि खेळ खलास! अशी सांगितली की मुलं टाळ्या वाजवतात आणि नेमबाजी तेवढी लक्षात ठेवतात. ज्वारीवरची पाखरं हाकणारी गोफण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही, म्हणून मी दगडापाशी रेंगाळत नाही. मी थांबते ती शौल राजापुढे. चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ गल्याथ ललकारतो आहे आणि अनुभवी शिपाई मागे सरताहेत. राजा आपलं चिलखत आणि शिरस्त्राण या पोराच्या अंगावर चढवतो. दावीद चालून पाहतो, सवय नाही म्हणतो आणि सगळं उतरवून ठेवतो. मग ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे निवडतो.

राजाने दिलेलं राजासमोर उतरवायचं आणि आपल्याला जे येतं त्याच्या बळावर पुढे व्हायचं, हे मला दगडाच्या नेमापेक्षा मोठं वाटतं. शिवाय त्याची सिंहाशी आणि अस्वलाशी झुंज आधीच होऊन गेलेली होती, मेंढरं राखताना, कुणी पाहायला नसताना. इथे मी विचारते, ‘‘तू असतास तर चिलखत ठेवलं असतंस की उतरवलं असतंस?’’ एखादा प्रामाणिकपणे सांगतो, ‘‘ठेवलं असतं, बाई. राजा रागावला असता ना!’’ त्याचं उत्तर मी चूक ठरवत नाही. भीती वाटत असतानाच निर्णय घ्यावा लागतो, हे त्याला इथेच उमगू लागतं.

धैर्याला दरवेळी शत्रू आडवा पाडावा लागत नाही, हे सांगायला मी निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी निवडते. इब्र्यांचे मुलगे जन्मताच मारा, असा मिसरच्या राजाचा हुकूम होता. त्यांनी मुलं जगवली. ग्रंथाने त्या सुइणींची नावं नोंदवली आहेत. हुकूम देणाऱ्या फारोचं नाव मात्र दिलेलं नाही. हे सांगितलं की वर्गातल्या मुली सावरून बसतात.

नेतृत्वासाठी नहेम्यासारखा धडा नाही. तो राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमेत आल्यावर आधी रात्री फिरून तटाची पडझड स्वतः पाहतो, मग लोकांना बोलावतो. अनेकांच्या वाट्याला आपापल्या घरासमोरचा भाग येतो. बांधणाऱ्यांत सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारे आहेत, शल्लूम आपल्या मुलींसह आहे. तकोवाच्या सरदारांनी मात्र मान वाकवली नाही, तरी त्यांच्याच गावच्या साध्या लोकांनी दोन भाग उभे केले. तट 52 दिवसांत पुरा झाला. अधिकारी म्हणून मिळणारा भत्ता नहेम्याने बारा वर्षं घेतला नाही. इथे मी मुलांना आपल्या मराठवाड्यातल्या उभारणीची गोष्ट जोडून सांगते: एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं.

मोठ्या मुलांना मी शास्ते या पुस्तकातली योथामाची कथा सांगते. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल आपापल्या कामात दंग, तिघंही नकार देतात. शेवटी काटेरी झुडूप तयार होतं आणि आपल्या सावलीला या म्हणतं. गावात निवडणुका पाहिलेल्या मुलांना ही कथा फोडून सांगावी लागत नाही. चांगल्यांनी अंग काढून घेतलं की काय होतं, ते त्यांना दिसतं.

हे सगळं साध्या मराठीत सांगायचं, हा माझा नेम पंडिता रमाबाईंमुळे आहे. सामान्य बायामाणसांना कळावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये बायबलचं भाषांतर करत राहिल्या. 1922 मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. 1896-97 च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना, बायकांना घेऊन आल्या होत्या. शास्त्रातलं धैर्य मराठी मातीत कसं दिसतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

गोष्टी सांगणाऱ्या सगळ्यांना, मग त्या कोणत्याही धर्मग्रंथातल्या असोत, माझी विनंती आहे. गोष्ट संपताच तात्पर्य सांगू नका. या आठवड्यात करता येईल असं एक अवघड काम मुलाला स्वतः निवडू द्या: एकट्या पडलेल्या पोराशेजारी बसणं, घडलेलं खरं सांगणं, वर्गाचं एखादं काम अंगावर घेणं. आणि पुढच्या रविवारी त्याला आठवणीने विचारा, काय झालं?