दशमीची वात

आमच्या गावात विठ्ठल-रखुमाईचं देऊळ एकच, वेशीच्या आत, चावडीला लागून. गाव माणदेशातलं. पाणी कमी, पण देवाचं कुठलं काम पाण्यावाचून अडलेलं मी पाहिलं नाही. कोजागिरी झाली की दुसऱ्या दिवसापासून काकडा बसतो तो कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, पुरा महिना. पहाटे चारच्या सुमारास घंटा वाजते. मग भूपाळ्या, अभंग, गवळणी, आरती. उजाडायला लागलं की जो तो आपापल्या धारेला, नाहीतर पाणी धरायला.

महिन्याचे दिवस घरांनी वाटून घेतलेले आहेत. ज्याचा दिवस असेल त्यानं काकडा, तूप, देवाच्या अंघोळीला दूध, फुलं आणि प्रसाद आणायचा. प्रसाद म्हणजे फार काही नाही. चुरमुरे-फुटाणे, गूळ-खोबरं. बहात्तरच्या दुष्काळात तेवढंही नव्हतं. मी तेव्हा तेरा वर्षांचा. आई-दादा दोघंही खडी फोडायला जायची, घरात तांबड्या मिलोची भाकरी. पण पहाटे दादा उठायचेच. आमच्या दिवसाला आईनं गुळाचा एक खडा फोडून त्याचे बारीक बारीक तुकडे केले होते, ते मला आठवतं. जिभेवर ठेवला की संपला.

आमचा दिवस शुद्ध दशमीचा. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी, त्यामुळं निम्मं गाव पंढरपूरला गेलेलं. देवळात माणसं थोडी असायची, म्हणून दादा म्हणायचे, "आपल्या दिवसाला आपण तरी पुरं असावं."

मी १९७५ साली दहावी झालो आणि शेतीत पडलो. पुढं दादा थकले, तशा आम्हा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली, भांडी वाटली, विहिरीवरच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. दशमी काही वाटता येईना. दादा म्हणाले, "वात अण्णानं वळायची. तूप धाकट्यानं आणायचं, त्याच्या दावणीला म्हस हाय." त्यात काही मोठा विचार नव्हता. अण्णाचा हात वात वळण्यात बसलेला होता आणि म्हैस माझ्या वाटणीला आली होती, एवढंच.

दादा गेले आणि चारच वर्षांत आमचं बांधावरून फाटलं. शिवेवरच्या तुकड्यात आमचा सामाईक बांध. अण्णाचं म्हणणं, मी बांध कोरला. माझं म्हणणं, पावसानं ढासळला. शिव्यागाळी झाली, मोजणीचा अर्ज झाला, कोर्टात तारखा सुरू झाल्या. दोन गुंठ्यांसाठी दोघांनी मिळून किती पैसे घालवले त्याचा हिशेब मी एकदा मांडायला बसलो होतो. निम्म्यावर कागद फाडून टाकला.

अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. लग्नाकार्यात एका मांडवात पाठ करून बसलो. पण दशमी चुकली नाही. अण्णा धोतराचं स्वच्छ फडकं वळून घट्ट वात करून आणायचा आणि ताटात ठेवायचा. मी त्यावर तूप ओतायचो. तो पेटवायचा. आरतीला दोघं शेजारी उभे. तोंडानं अभंग, पण एकमेकाला शब्द नाही. वीणा धरणारे म्हातारे आबा आमच्याकडं बघत आणि मान खाली घालत.

एका वर्षी घंटा झाली, भूपाळ्या सुरू झाल्या, तरी अण्णा आला नाही. तूप माझ्या हातात, ताट रिकामं. आबांनी गाणं न थांबवता नुसती भुवई उडवली. काय करायचं? दुसरं फडकं मिळालं असतं. पण कोण जाणे, मी पितळी डबा खाली ठेवला आणि निघालो.

अण्णाच्या दारात दिवा होता. वैनी ओसरीत उभी. मला बघून तिनं पदर सावरला आणि बाजूला सरली. आत अण्णा बाजेवर. आठ दिवसांपूर्वी गोठ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. मला ते गावातून कळलं होतं, पण मी गेलो नव्हतो. उशाशी वात तयार होती, रात्रीच वळलेली. न्यायला शेजारचं पोरगं यायचं होतं, ते झोपून राहिलं होतं.

मी वात उचलली. अण्णा छताकडं बघत म्हणाला, "गारठा हाय. तूप थिजलं आसंल. वाईच चुलीपाशी धर."

मी म्हणालो, "धरतो."

अकरा वर्षांनंतरचं आमचं बोलणं ते एवढंच.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. कोर्टातला दावा चालूच राहिला. फक्त मी जायला लागलो. बाजेशेजारी बसायचो. बोलणं पावसाचं, शाळूचं, रात्रीच्या विजेचं. बांधाचं नाव दोघंही काढत नव्हतो. दोन वर्षांनी अण्णा गेला.

आता खरं सांगतो. बांध मी कोरला होता. पावसाळ्याच्या आधी नांगरट करताना एक तास जास्त घेतला, दुसऱ्या वर्षी आणखी एक. पुढं पावसानं ढासळला हेही खरं, पण मी कोरला म्हणून ढासळला. काकड्याला उभं राहून, हात जोडून, अकरा दशम्या मी हे मनात धरलं. विठ्ठलाला माहीत होतं, मला माहीत होतं. ज्याला सांगायचं तो शेजारीच उभा होता. पुढं दोन वर्षं त्याच्या उशाशी बसलो, तरी जीभ उचलली नाही.

अण्णा गेल्यावरच्या दशमीला पुतण्या पुण्याहून रजा काढून आला. फडकं घेऊन माझ्याकडं आला, "काका, वात कशी वळायची?" मी दाखवली. पहिल्यांदा सैल झाली, उकलून पुन्हा वळली. आरती झाली, प्रसाद वाटला. घरी न जाता मी त्याला शिवेच्या तुकड्यात नेलं. नुकतं उजाडत होतं. जिथं मूळ बांध होता तिथं उभं राहून त्याला सांगितलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णांना सांगायचं होतं, काका."

"व्हय," मी म्हणालो.

त्या उन्हाळ्यात दावा मिटवला आणि बांध मागं घेतला. दोघांनी मिळून दगड रचले. त्याला सवय नाही, हाताला फोड आले. दशमी अजून सामाईकच आहे. पुतण्या येतो, वात तोच वळतो. आता बरी वळते. अण्णाइतकी घट्ट नाही.