सूर्य नावाचा सर्व्हर

आजचा विषय झोप. आपल्या आयटीवाल्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा!

डोळे बघायला असतात हे आपण शाळेत शिकलो. पण त्यांचं आणखी एक काम आहे, मेंदूला वेळ कळवायचं. नेत्रपटलातल्या काही पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात आणि 'उजाडलं' हा निरोप मेंदूतल्या घड्याळाला देतात, हे २००२ साली समोर आलं. निळसर प्रकाश त्यांना सगळ्यात जास्त जाणवतो.

आता हे घड्याळ किती अचूक? १९६२ मध्ये मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच तरुण आल्प्समधल्या एका गुहेत दोन महिने घड्याळाशिवाय राहिला. सप्टेंबरच्या मध्यावर त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने अजून ऑगस्टच चालू होता! मनाचा हिशेब पार चुकला, पण त्याचं झोपणं-उठणं मात्र साधारण साडेचोवीस तासांच्या लयीत चाललं होतं. म्हणजे घड्याळ चांगलं, फक्त रोज थोडं मागे पडणारं. आपण मशीनची वेळ सर्व्हरशी सिंक करतो ना, तसंच. इथला सर्व्हर म्हणजे सूर्य.

आणि आपण बसतो कुठे? ऑफिसात टेबलावर ३०० ते ५०० लक्स. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार. डोळा जुळवून घेतो, म्हणून फरक कळत नाही इतकंच.

माझा रूममेट आठ महिने रात्रपाळीत आहे. सकाळी सातला कॅबमधून उतरतो तो थेट उन्हात. शरीर म्हणतं झोप, ऊन म्हणतं ऊठ. आता तो कॅबमध्ये गॉगल लावतो, खोलीला काळे पडदे लावलेत. जरा फरक पडलाय. पण शनिवार-रविवारी पुन्हा दिवसाचा माणूस व्हायचं, म्हणजे दर आठवड्याला व्हिसाशिवाय जेट लॅग!

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, पुढच्या महिन्यापासून तीच पाळी मला देऊ केलीय. भत्ता चांगला आहे, घराचा हप्ताही आहे. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. घाबरून जावं असं नाही, पण भत्त्याच्या हिशेबात हे धरायला हवंच.

मॅनेजरना दोनच गोष्टी विचारल्यात: तीन महिन्यांनी पाळी बदलणार का, आणि मधेच दुपारच्या मीटिंगला बोलावणार नाही ना? उत्तर सोमवारी मिळेल. त्यावर ठरवीन.