न ऐकलेल्या गोष्टी

‘मौखिक परंपरा’ हा शब्द आम्ही साहित्याची माणसे वारंवार वापरतो. आजीने सांगावे, नातवाने ऐकावे आणि गोष्ट पुढे चालावी, असे चित्र त्यामागे असते. म्हणजेच ऐकणारा कान त्यात गृहीत असतो. झिंबाब्वेतील एका कर्णबधिर पाषाणशिल्पकाराचा त्रोटक परिचय वाचताना या गृहीतकापाशीच आम्ही थबकलो. निसर्ग आणि शोना लोकांच्या आत्म्यांविषयीच्या श्रद्धा या त्याच्या प्रेरणा आहेत, असे तिथे म्हटले होते. ज्या श्रद्धा कथांतून आणि गाण्यांतून चालत आल्या, त्या न ऐकणाऱ्यापर्यंत पोचल्या कशा?

शोना श्रद्धाविश्वात मृत पूर्वज कुटुंबाची राखण करतात. ‘म्होन्डोरो’ हे भूमीचे आणि पावसाचे रक्षक आत्मे, सिंहाशी नाते सांगणारे. ‘न्जुझू’ पाण्यात राहतात. ‘शावी’ हा घरापासून दूर मेलेल्या परक्याचा आत्मा. तो ज्याला धरतो त्याला शिकारीचे वा वैद्यकीचे कसब देतो. पूर्वजांना बोलावण्यासाठी ‘बिरा’ हा विधी होतो आणि त्यात रात्रभर ‘म्बिरा’ हे वाद्य वाजते. सारे नादावर उभे आहे असे वाटते.

पण त्यातून नाद वजा केला तरी बरेच काही उरते. नाचणाऱ्या पायांखाली थरथरणारी जमीन उरते. अंगात आलेल्या माणसाचा पालटलेला चेहरा उरतो. आपल्या कुळाच्या ‘मुतुपो’ प्राण्याचे मांस घरात कधीच शिजत नाही, हे मूल पाहतच असते. आकाशात ‘चापुंगू’ गरुड दिसताच मोठ्यांच्या माना वर वळतात, हेही ते पाहते. श्रद्धा सांगितली जाते त्याहून अधिक पाळली जाते, आणि पाळलेले डोळ्यांना दिसते.

दगडाचेही तसेच आहे. पाथरवट दगड ठोकून पाहतो. खणखणीत वाजला तर एकसंध, बद्द वाजला तर आत चीर. पण ठोक्याचा हादरा हातातही उतरतो. पुढे घासलेला करडा दगड तापवून त्यावर मेण चढवले की तो काळाभोर होतो. हा पालट तर केवळ दृष्टीचा. १९६६ साली टॉम ब्लूमफील्ड या तंबाखू-शेतकऱ्याने तेंगेनेंगे येथे शिल्पकारांची वसाहत सुरू केली. तिथे वेगवेगळ्या भाषांची माणसे शेजारी बसून दगड घडवू लागली. मलावी, अंगोला, मोझांबिक येथून आलेलेही त्यांत होते. एकमेकांचे हात पाहणे हेच तेथील मोठे शिक्षण होते.

इथे एक मोह टाळावासा वाटतो. १९५७ साली उघडलेल्या सॅलिसबरीच्या (आजच्या हरारेच्या) राष्ट्रीय कलादालनाचे पहिले संचालक फ्रँक मॅकएवन यांनी या शिल्पांना जगापुढे नेले. त्यांच्याबरोबर ‘दगडातला आत्मा’ ही कल्पनाही गेली आणि ग्राहकांना ती भावली. कर्णबधिर शिल्पकाराच्या बाबतीत ती अधिकच सोयीची ठरते: याला जग ऐकू येत नाही, म्हणून आत्मे ऐकू येतात! वाक्य गोड आहे. पण त्यात त्या माणसाची वर्षानुवर्षांची नजर आणि मेहनत दोन्ही पुसली जातात. त्याच्या उणिवेला आम्ही अद्भुत ठरवतो आणि त्याचे कसब आत्म्यांच्या खात्यावर मांडतो.

त्याने ऐकले नाही; पाहिले, स्पर्शिले आणि घडवले. परंपरेचा वारसदार ठरायला एवढे पुरेसे आहे. अपुरा आहे तो आमचा ‘मौखिक’ हा शब्द.