कंट्रोल रूमचं देणं

काकांनी आयुष्यात एकही शेअर विकत घेतला नाही. वडोदऱ्याजवळच्या वाघोडियाच्या जीआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तरीही माझं शेअर बाजाराचं काम ज्या कॉम्प्युटरवर चालतं, त्यातला कुठला भाग का घेतला आणि कुठला का घेतला नाही, हे कुणी विचारलं की उत्तर देताना काकांचं नाव निघतंच.

माझं माहेर वडोदऱ्यातलं, दांडियाबाजारचं. गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने आलेल्या अनेक मराठी घरांपैकी आमचं एक. वडील सयाजीगंजात एका सब-ब्रोकरकडे हिशेब पाहत. १९९० साली वडोदरा स्टॉक एक्स्चेंज सुरू झालं, तेव्हा गावाला स्वतःचा बाजार मिळाल्याचा आनंद आमच्या घरीही होता. १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने स्क्रीनवरचे सौदे सुरू केले, आणि गावोगावच्या एक्स्चेंजांचं काम हळूहळू मुंबईच्या टर्मिनलकडे सरकलं. २०१५ मध्ये वडोदऱ्याच्या एक्स्चेंजने सेबीच्या परवानगीने निरोप घेतला. तोवर मी लग्न होऊन वाघोडियाला आले होते आणि वडिलांकडून शिकलेलं काम घरी बसून करू लागले होते. काका आमच्या ह्यांचे सिनिअर. संध्याकाळी चहाला येत, आणि येताना खिशात मल्टिमीटर असेच.

काम वाढलं तसा घरातला जुना कॉम्प्युटर अपुरा पडू लागला. एक्स्पायरीच्या दिवशी चार्ट थिजत, ऑर्डर विंडो उघडायला वेळ लागे. एका दुकानातून मी नव्या मशीनचं कोटेशन आणलं: सहा मॉनिटर, गेमिंगसाठीचं मोठं ग्राफिक्स कार्ड, भरपूर कोअरचा प्रोसेसर. काकांनी तो कागद नीट वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "बेटा, यात काय मिळतं ते लिहिलंय. तुला काय बघायला लागतं, ते कुठे लिहिलंय?"

मग त्यांनी एका कोऱ्या पानावर तीन रकाने आखले. सतत डोळ्यांसमोर हवं ते पहिल्यात, अधूनमधून लागतं ते दुसऱ्यात, दिवसातून एकदा पाहायचं ते तिसऱ्यात. बाजार चालू असताना मी काय काय उघडते, हे मी त्यात भरायचं. काही दिवस भरल्यावर चित्र स्पष्ट झालं. ऑर्डर विंडो आणि चालू पोझिशन, निफ्टीचा चार्ट, ऑप्शन चेन, आणि हेजच्या हिशेबाची एक्सेल शीट, एवढ्याच गोष्टी पहिल्या रकान्यात टिकल्या. म्हणजे चार स्क्रीन. बाकीचं सगळं हवं तेव्हा उघडता येत होतं.

या रकान्यांमागे त्यांची सगळी नोकरी होती. त्यांच्या उमेदीच्या काळात पॅनलवर गोल कागदाचे रेकॉर्डर असत. कागदाची चकती चोवीस तासांत एक फेरी पूर्ण करी आणि शाईचं पेन तिच्यावर तापमानाची रेघ ओढत राही. प्रत्येक रेकॉर्डरला पैसे आणि पॅनलवर जागा लागे, त्यामुळे कुठली रेघ खरोखर पाहायची आहे, याचा विचार आधीच होई. पुढे सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं आणि नवा अलार्म जोडायला काहीच कष्ट उरले नाहीत. मग अलार्म वाढत गेले. इतके, की गडबडीच्या वेळी ऑपरेटर न वाचताच ते बंद करू लागला. काका सांगत, "ज्या अलार्मवर तुला हात हलवायचा नाही, तो अलार्मच नाही." माझ्या चार्टवरचे अर्धेअधिक इंडिकेटर मी त्या वाक्यावर काढून टाकले, आणि बाजार मला पहिल्यांदा सलग दिसू लागला.

दुसरा धडा मोजण्याचा. नवीन काही घेण्याआधी जुन्याचं कुठे अडतं ते मोज, असा त्यांचा आग्रह. टास्क मॅनेजर उघडा ठेवून सव्वानऊच्या पहिल्या गर्दीत आणि एक्स्पायरीच्या दुपारी मी रीडिंग लिहीत गेले. प्रोसेसरचा एकूण वापर कमी दिसे, पण त्यातला एक कोअर पूर्ण भरलेला असे, कारण माझं चार्टिंगचं सॉफ्टवेअर बरंचसं काम एकाच धाग्यावर करतं. अशा कामाला सोळा मंद कोअरपेक्षा मोजके वेगवान कोअर उपयोगी. ब्राउझरच्या टॅब रॅम खात होत्या. रॅम संपली की विंडोज हार्ड डिस्कवर जागा शोधू लागे, आणि थिजणं तिथून येत होतं. म्हणून आधी एसएसडी आणि जास्तीची रॅम घेतली. एवढ्यानेच जुनं मशीन आणखी काही वर्षं चाललं.

ग्राफिक्स कार्डाबद्दल काकांनी विचारलेला प्रश्न साधा होता: कार्डाने करायचं काय? चार्ट म्हणजे रेघा आणि आकडे. त्यांना गेमसारखी ताकद लागत नाही, चार स्क्रीन जोडायला चार तोंडं लागतात. शेवटी आम्ही एन्व्हिडियाचं टी-६०० घेतलं. चार मिनी डिस्प्लेपोर्ट, सुमारे ४० वॉटचा खप. बोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत वीज मिळते, त्यामुळे वेगळी केबल नको, उष्णता कमी आणि पंखाही छोटा. पुढे प्रोसेसर बदलायची वेळ आली तेव्हा इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी 'एफ' असतं ते थोडं स्वस्त होतं, पण त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. काकांनी तेवढ्यासाठी ते नाकारलं. कार्ड बाजाराच्या मध्यात गेलं, तर बोर्डाच्या पोर्टवर दोन स्क्रीन लावून पोझिशन बंद करता आली पाहिजे, हे त्यांचं गणित. कारखान्यात महत्त्वाच्या पंपाशेजारी दुसरा पंप तयार उभा असतो; ती सवय त्यांनी माझ्या टेबलावर आणली. ब्रोकरचा फोनवरून ऑर्डर घेणारा नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो, तोही त्यांच्याच सांगण्यावरून.

विजेच्या बाबतीत ते सर्वात कडक होते. यूपीएसवर लिहिलेला व्हीएचा आकडा म्हणजे वॉट नव्हेत, हे त्यांनी वॉटमीटर लावून दाखवलं आणि सगळं चालू ठेवून खरा भार मोजला. ॲक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस पायरीदार लहरीच्या यूपीएसवर कधीकधी बंद पडतो, म्हणून शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस. राउटरही त्याच्यावरच, कारण कॉम्प्युटर चालू आणि इंटरनेट बंद याला अर्थ नाही. त्यांनी न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेजही मोजला, तो जास्त आला आणि आधी घराचं अर्थिंग दुरुस्त झालं. नवीन मॉनिटर त्यानंतरच जोडले गेले.

वाघोडियात बसून वेगाची शर्यत खेळता येत नाही, हेही त्यांच्याशी बोलता बोलता मला उमगलं. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर मुंबईत एक्स्चेंजच्याच आवारात असतात. माझी ऑर्डर कितीही महागड्या मशीनमधून निघाली तरी त्यांच्यामागूनच पोचणार. म्हणून माझे पैसे भरवशाच्या मशीनवर लागले पाहिजेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सेबीचा अभ्यास आला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ-अँड-ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला होता. ती बातमी काका घेऊन आले आणि माझी वही मागितली. कुठला सौदा का घेतला, हेज किती होतं, किती गेलं, किती आलं, सगळं त्यांनी शांतपणे वाचलं. शेअर बाजारातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण नोंदी नियमित आहेत की नाहीत हे कळत होतं. "ही वही अशीच चालू ठेव," एवढंच म्हणाले. त्या वर्षी मी सौद्यांचा आकार कमी केला आणि आजही तो तेवढाच आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपणार होता. माझा सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नव्हता, त्यामुळे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलणं भाग होतं. कॅबिनेट, एसएमपीएस, कार्ड आणि मॉनिटर तेच राहिले. काका तोवर पुण्याला मुलाकडे गेले होते. व्हिडिओ कॉलवर बसून राहिले. त्यांचे नियम कारखान्यातल्या शटडाऊनचे: बदल शनिवारीच करायचा, एका वेळी एकच, आणि जुनी डिस्क हात न लावता बाजूला ठेवायची, म्हणजे फसलं तर सोमवारी जुन्यावर परतता येईल. प्रत्येक बदल तारखेसह लॉगबुकात. सगळं सुरळीत झालं.

या मदतीच्या मोबदल्याची गोष्ट मी एकदाच काढली. ते म्हणाले, त्यांनाही कुणीतरी मोजायला शिकवलं होतं आणि त्या माणसानेही काही घेतलं नव्हतं. त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

आता आमच्या सोसायटीतली मुलं कॉम्प्युटर घेण्याआधी माझ्याकडे येतात. जवळच्याच लिमड्याच्या विद्यापीठात शिकणारी एक मुलगी आली, तिला माझ्यासारखंच टेबल हवं होतं. मी तिला तीन रकान्यांचा कागद दिला. महिन्याभराने ती तो भरून घेऊन आली. तिचे सौदे आठवड्यातून दोन-तीन, तेही डिलिव्हरीचे. पहिल्या रकान्यात दोनच ओळी होत्या. तिने दोन स्क्रीन घेतल्या, कार्ड घेतलंच नाही, आणि वाचलेल्या पैशांतून चांगला यूपीएस घेतला. चार हा आकडा माझ्या कामाचा होता. तो तिने उचलला नाही, पद्धत उचलली. हे मी काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "अर्थिंग मोजलं का तिने?"