अंदाजे आकडा

परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात माणूस थंडीला भितो, असा समज आहे. मी बिलाला भीत होते.

२०११च्या ऑक्टोबरात संशोधनाच्या निमित्ताने मी लीड्समधल्या एका भाड्याच्या घरात राहायला गेले. जानेवारीत गॅसचे तीन महिन्यांचे पहिले बिल आले. रक्कम पाहून मी सकाळी जेमतेम अर्धा तास हीटर लावू लागले. उरलेला दिवस कोट घालूनच टेबलाशी बसे. दर रविवारी आई फोनवर विचारी, "घर ऊबदार आहे ना गं?" मी म्हणे, "हो, अगदी छान आहे."

वाचणे हाच माझा व्यवसाय. पण ते बिल मी वाचले नव्हते, केवळ रक्कम पाहिली होती. फेब्रुवारीत शेजारच्या वृद्ध बाईंनी ते हाती घेतले आणि चालू रीडिंगपुढच्या एका इंग्रजी अक्षरावर बोट ठेवले : 'ई'. प्रत्यक्ष पाहून घेतलेल्या आकड्यापुढे 'ए' असतो. 'ई' म्हणजे अंदाज. मीटर पाहायला कुणी आलेच नव्हते. माझ्याआधी तिथे राहून गेलेल्या कुटुंबाच्या वापरावरून कंपनीने माझा हिवाळा कल्पिला होता.

जिन्याखालच्या कपाटातला मीटर मी त्या दिवशी प्रथम पाहिला. काळे आकडे वाचायचे, दशांशचिन्हापुढचे लाल सोडून द्यायचे. घर ताब्यात घेताना एजंटाने केलेल्या यादीत आकडा होता ४,१७०. जानेवारीच्या बिलात ४,५९०. आणि त्यानंतर महिना उलटूनही मीटरवर होता ४,३४०.

हा फरक दिसतो त्याहून मोठा होता. मीटर गॅसचे घनमीटर मोजतो, पैसे मात्र उष्णतेचे लागतात. घनमीटरांना १.०२२६४ने गुणायचे (ही तापमान व दाबाची दुरुस्ती), मग बिलात दिलेल्या उष्मांकमूल्याने, म्हणजे साधारण ३९ने, गुणून ३.६ने भागायचे. एका घनमीटरचे सुमारे अकरा किलोवॉट-तास होतात. म्हणजे मी न जाळलेल्या जवळजवळ २,८०० किलोवॉट-तासांचे पैसे माझ्याकडे मागितले गेले होते. दुसऱ्यांच्या उबेची किंमत मी गारठून चुकवत होते.

रोजचा स्थिर आकार तेवढा खरा होता. गॅस पेटवा वा न पेटवा, तो द्यावाच लागतो. महावितरणच्या बिलातही हेच शब्द छापलेले असतात. घरी असताना मी तेही कधी वाचले नव्हते.

फोनवरून आकडा कळवल्यावर दोन आठवड्यांत सुधारित बिल आले. जास्तीचे पैसे जमेला पडले. थंडीत काढलेल्या दिवसांसाठी त्यात रकाना नव्हता. आज तिथल्या अनेक घरांतले स्मार्ट मीटर आपला आकडा आपणच कळवतात. तरीही परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांना मी सांगते, की किल्ली हाती येईल त्याच दिवशी मीटरचे छायाचित्र काढा, आणि बिलातली रक्कम पाहण्याआधी तिच्या वरचे अक्षर पाहा.

त्या रविवारी आईने नेहमीचा प्रश्न विचारला. मी सगळे सांगून टाकले. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "ठाऊक होतं गं मला. बोलताना तुझे दात वाजायचे."